पार्बताबाईंच्या अंगातलं ऊन

इथले लोकांनी लिहिलेले भुताखेताचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते, पण आजवर कधी एक ओळही लिहिली नाही. खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचायचे. दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पिता पिता एखादी पांढऱ्या साडीतली बाई, एखादं पिंपळाचं झाड... हसायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आम्ही बौद्ध. घरात अंगारा-धुपारा कधी पाहिला नाही. वडील चंद्रपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि कुणी भुताखेताचं काढलं की शांतपणे "पुरावा दाखव" म्हणायचे. मी तशीच वाढले. त्यामुळे हे लिहायला बसलेय खरी, पण काय सिद्ध करायचंय ते मलाच ठाऊक नाही. कुणाला सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, एवढंच.

मी भूलतज्ज्ञ आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरीला आहे. कोणत्या ते लिहीत नाही, नावंही बदलली आहेत. कुरखेड्याच्या बाजूच्या जंगलातल्या गावांमधले पेशंट आमच्याकडे येतात.

पुढचं कळावं म्हणून आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगते. भूल दिली की माणूस नुसता झोपत नाही, त्याच्या शरीराची ऊब धरून ठेवायची शक्तीही झोपते. थंडी वाजली की आपण कापतो – ती शरीराची स्वतःची शेकोटी असते. भुलेखाली स्नायू सैल केलेले असतात, त्यामुळे पेशंट कापू शकत नाही. त्यात थिएटरचा एसी, उघडं पोट, नसेतून जाणारं गार सलाईन, फ्रीजमधून काढलेलं रक्त. ताप मोजतो तसं आम्ही सतत तापमान बघत असतो, आणि ते खाली घसरणं हे तापापेक्षा वाईट. आपण मराठीत थंडीनं गोठणं आणि रक्त गोठणं, दोन्हीला एकच शब्द वापरतो. शरीरात मात्र उलटं होतं. शरीर गोठायला लागलं की रक्त गोठायचं थांबतं. सर्जन एक जागा शिवतो आणि दुसऱ्या दहा जागांतून रक्त पाझरत राहतं. अशी माणसं मी टेबलावर गेलेली पाहिली आहेत.

म्हणून मोठ्या ऑपरेशनला पेशंटवर गरम हवेचं ब्लँकेट घालतात. कागदासारखं असतं, एका मशीनमधून त्यात गरम हवा सोडतात. आमच्याकडे ते मशीन होतं. हिवाळ्यात त्याची कॉइल जळाली. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं. सरकारी दवाखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

तर, मे महिना. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. आमच्याकडे या दिवसांत गावंच्या गावं पहाटेच जंगलात पानं तोडायला जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. त्या सकाळी शालू नावाची एक बाई आली. पंचविशीच्या आतली, घरी लहान मुलगी. पानं तोडताना झुडपातून रानडुक्कर अंगावर आलं होतं. पोट आणि मांडी फाडली होती. गावातल्या लोकांनी जखमेवर लुगडं बांधलं, शुद्धीवर राहावी म्हणून अंगावर पाणी ओतलं, खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. आमच्याकडे पोचली तेव्हा ओलीच होती. बाहेर शरीर भाजून काढणारं ऊन, आणि हिचे हात गारठलेले.

सोबत नवरा देवनाथ आणि आई पार्बताबाई. दोघंही तिच्यासोबत जंगलातच होते. पार्बताबाई लहानखुरी, काळीसावळी, पायात चप्पल नाही, बोटं तेंदूच्या चिकानं काळी झालेली. रडत नव्हती. स्ट्रेचरला धरून चालत होती आणि लेकीचा हात चोळत होती.

मी सही घ्यायला बाहेर आले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"मॅडम, तिले थंडी लागली जी. हात पाहा ना तिचे."

मी म्हटलं, रक्त गेलंय, म्हणून. आम्ही रक्त देतोय.

"मले तिच्यापाशी बसू द्या ना. काई बोलत नाई मी. नुसती हात धरून बसतो. सकाळपासून उन्हात हावो आमी, माह्या अंगात ऊन भरून हाय. तिले ऊब लागन."

असं कुणी बोललं की आम्ही जे सांगतो तेच मी सांगितलं – आत नातेवाइकांना येता येत नाही, इन्फेक्शन होतं, तुम्ही काळजी करू नका. चिडून नाही, समजावूनच सांगितलं.

"मंग भिताडाले टेकून बसतो," ती म्हणाली. "त्या बाजूनं तिचं डोस्कं कुठी येईन?"

मला घाई होती. मी हातानंच दाखवलं, तिकडे, त्या भिंतीपलीकडे. थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याचा व्हरांडा आहे, नातेवाइकांसाठी. उन्हाळ्यात दुपारी तिथं कुणी बसत नाही, पत्रा तापतो. ती तिथं जाऊन बसली.

ऑपरेशन सुरू झालं. सर्जन डॉ. सहारे, सोबत मेश्राम सिस्टर. पोट उघडलं तेव्हा आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं आणि लिव्हरची एक बाजू. सहारे सर फार कमी बोलतात. "रक्त मागवा," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे जे होतं ते सगळं मी केलं. मेश्राम सिस्टरनं डोक्याला कापूस गुंडाळून वरून टोपी घातली, पायांना कापसाचे रोल बांधले. सलाईनच्या बाटल्या आम्ही बाहेरच्या स्टोअरमधून मागवल्या – स्टोअरलाही पत्राच आहे, बाटल्या उन्हानंच कोमट झालेल्या असतात. रक्ताची नळी कोमट पाण्याच्या भांड्यातून फिरवली. एसी कमी करायला सांगितला. दोन थिएटरना एसी एकच, कंट्रोल खराब. चालला तर पूर्ण चालतो नाहीतर पूर्ण बंद, आणि बाजूच्या थिएटरमध्ये अडलेलं बाळंतपण चालू होतं. तिथून नाही म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

नाकातून घशापर्यंत तापमान मोजणारी एक बारीक प्रोब घातलेली असते, तिचा आकडा मॉनिटरवर दिसतो. निरोगी माणसाचा सदतीस सेल्सिअस असतो, हिचा सुरुवातीलाच पस्तीसच्या खाली होता. मग चौतीस. मग तेहतीस. रक्त आम्ही वरून देत होतो आणि खालून जात होतं. सहारे सरांनी लिव्हरभोवती पॅड दाबून धरले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. पॅड काढले की पुन्हा सगळीकडून पाझर. जखमेतून, टाक्यांतून, सुई टोचली त्या जागेतूनसुद्धा.

"गोठत नाहीये," ते म्हणाले.

"थंड झालीये, सर."

"किती?"

मी आकडा सांगितला. बत्तीसच्या आसपास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जखमेवर वाकले. आमच्या कामात पेशंट हातचा गेल्याचा एक क्षण असतो. दोघांनाही माहीत असतं. मी मनातल्या मनात बाहेर जाऊन काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले होते. ती वाक्यं मला आजही आठवतात.

आणि मग आकडा चढायला लागला.

आधी मी लक्षच दिलं नाही. प्रोब हलली असेल. थोड्या वेळानं पाहिलं, तेहतीसच्या वर. मग चौतीस. मी प्रोब काढली, पुसली, दुसरी घातली. तोच आकडा, आणि चढताच. हे असं होत नाही. आमच्याकडचं ते कापूस आणि कोमट सलाईन – त्यानं घसरण थांबली तरी नशीब. पोट उघडं असताना, एसी पूर्ण चालू असताना शरीर असं वर येत नाही. चांगल्या मशीननंसुद्धा इतक्या वेगानं येत नाही.

भुलेच्या औषधानं क्वचित कुणाचं शरीर अचानक पेटतं, तापमान भडकतं. तो एक भयंकर प्रकार आहे, आणि मला पहिली भीती तीच वाटली. मी जबडा पाहिला, हात-पाय पाहिले. कडक नव्हते. श्वासातून येणारा वायू पाहिला, नाडी पाहिली. सगळं ठीक. उलट नाडी हळूहळू खाली, माणसात येत होती.

मी चादरीखाली हात घातला. तिचा उजवा दंड गारच होता. डावा गरम. नुसता गरम नाही – डाव्या बाजूला तिच्या शरीराला लागून टेबलाची गादीसुद्धा गरम होती. एखादा माणूस अंथरुणातून नुकताच उठून गेला की त्या जागेला जशी ऊब असते ना, तशी. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. डावी बाजू म्हणजे भिंतीकडची.

मी मेश्राम सिस्टरला म्हटलं, हात घालून बघा. त्यांनी घातला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "गरम पाण्याची पिशवी ठेवली का तुमी?"

नव्हती ठेवली. भाजतं म्हणून आम्ही ठेवतच नाही.

"पाझर कमी झाला," सहारे सर म्हणाले. ते खाली वाकलेले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "गोठतंय. टाके द्या."

तापमान सदतीसपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. जणू कुणी हात काढून घेतला.

पोट बंद करायला घेतलं तेवढ्यात दारातून कुणीतरी मेश्राम सिस्टरला बोलावलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पेशंटची आई पडली. कॅज्युअल्टीत नेलं. उष्माघात असन म्हणून राह्यले."

मला सोडून जाता येत नव्हतं. शालूला आयसीयूत हलवून मी गेले तोवर सगळं संपलं होतं.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर नवी मुलगी होती, वरोऱ्याची. उन्हाळ्यात आमच्याकडे उष्माघाताचे पेशंट रोजच येतात, त्यामुळे तिनं बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या होत्या. त्या तशाच ट्रेमध्ये पडून वितळत होत्या. ती मला म्हणाली, "मॅडम, मला काही कळलंच नाही. थर्मामीटर लावला तर आकडाच येईना. दुसरा लावला. नुसतं 'लो' दाखवतोय."

छाती दाबून झाली होती. सगळं करून झालं होतं.

मी पार्बताबाईच्या कपाळाला हात लावला. मी मेलेल्या माणसांना कितीदा हात लावलाय. माणूस गेला की लगेच गार पडत नाही, वेळ लागतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे तर फारच. ही बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी होती. ओठ निळे. काखेत हात घातला – तिथंही. नखं निळी झालेली आणि त्यांच्यावर तेंदूचा काळा चिक.

देवनाथ खाली फरशीवर बसला होता. तो पूर्ण वेळ सासूच्या शेजारीच होता. त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण त्यात मला भर घालायची नाही.

"त्या भिताडाले टेकून बसल्या होत्या जी. मंग कापाले लागल्या. दात वाजून राह्यले होते. मी म्हटलं, काय होऊन राह्यलं? तर म्हणे, काई नाई, बस. मले वाटलं लू लागली. लू लागली का माणूस असाच कापते ना? मी दुपट्टा ओला केला न् त्याईच्या डोस्क्यावर ठेवला. अंगावर पाणी शिंपडलं. त्या काईच नाई बोलल्या. मंग कापणं थांबलं. मले वाटलं झोप लागली. बरं वाटून राह्यलं असन म्हणून मी नाई उठवलं."

शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला.

खूप थंडी झाली की आधी माणूस कापतो. त्याहून जास्त झाली की कापणं थांबतं आणि झोप येते. हे आम्हाला पुस्तकात असतं. बर्फात सापडलेल्या माणसांबद्दल असतं. ते त्याला सांगून मी काय करणार होते? त्या व्हरांड्यात मी नंतर जाऊन आले. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. भिंतीला हात लावला तर चटका बसला.

भिंतीच्या अलीकडे शालू कापू शकत नव्हती, कारण कापायची ताकद मीच औषधानं काढून घेतली होती. भिंतीच्या पलीकडे तिची आई कापत होती. हे मी फक्त लिहितेय. याचा अर्थ मी लावत नाही.

पोस्टमॉर्टेम झालं. हृदयात काही नव्हतं, मेंदूत काही नव्हतं, विष नाही, साप नाही. ते करणाऱ्या डॉक्टरांनी मला खासगीत विचारलं, हिला कुठून आणलं होतं? मी म्हटलं, व्हरांड्यातून. ते हसले, मग माझा चेहरा पाहून पुन्हा कागदांकडे वळले. मेच्या दुपारी थंडीनं मृत्यू असं कुणी लिहू शकत नाही. हृदयक्रिया बंद पडली, एवढ्यावर सगळ्यांनी मिटवलं.

शालू वाचली. दुसऱ्या दिवशी घशातली श्वासाची नळी काढली तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "आई कुठी हाय?" देवनाथनं आम्हाला काही सांगू दिलं नाही. बाहेर आहे, असं सांगितलं. मी तिची भूल नीट उतरली का बघायला गेले होते. ती हळूच म्हणाली –

"मॅडम, आई आत आली होती ना? मले लय थंडी वाजली होती. मी हाक मारली तिले. ते आली न् म्हणे, सरक थोडी."

मी म्हटलं, स्वप्न असतं तसं. भुलेत होतं.

"मी सरकली," ती म्हणाली. "जागा बारीक होती."

आईचं कळलं तेव्हा ती रडली नाही असं सिस्टर सांगत होत्या. फक्त विचारलं की कोणत्या वेळेला. कुणाला नेमकं सांगता आलं नाही. घरी जायच्या दिवशी तिनं मला गाठलं.

"मी हाक नसती मारली तर?"

"शालू, तू हाक मारूच शकत नव्हतीस. तोंडात नळी होती. औषध होतं. तू बोलणं शक्यच नव्हतं."

ती ऐकून घेत होती. मला वाटलं पटतंय.

"मंग आई कशी आली?" ती म्हणाली.

इथवर असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, किंवा तसा प्रयत्न तरी केला असता. त्यानंतर मी बरंच शोधलं. मला शिकवलेल्या सरांना फोन केला, वैद्यकीय मासिकं चाळली. प्रोब खराब म्हणावी तर दोन होत्या, आणि माझा हात होता, मेश्राम सिस्टरचा हात होता. थर्मामीटर खराब म्हणावा तर तेही दोन होते. सहारे सर या विषयावर बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "पेशंट वाचला ना? मग झालं." पण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हिवाळ्यात देवनाथ तिला घेऊन आला. टाक्यांच्या जागी पोट थोडं फुगत होतं, ते दाखवायला. सोबत मुलगी होती, चारेक वर्षांची. थंडी चांगलीच पडली होती, बाहेर लोक उन्हाला पाठ करून बसले होते. शालूच्या अंगावर साधी सुती साडी, स्वेटर नाही, शाल नाही. ती खूप वाळली होती. सहारे सरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. तेवढ्यात ती मुलगी आईच्या मांडीवर चढायला गेली. शालूनं तिला बाजूला केलं. रागानं नाही, पण हाताला हात न लावता, फ्रॉकला धरून. मुलीला सवय असावी. ती बापाकडे गेली.

देवनाथनं मला बाहेर बोलावलं.

"मॅडम, तुमीच सांगा तिले. पोट्टीले जवळ घेत नाई. उन्हाळ्यापासून एकदाबी नाई घेतलं. पोट्टी रडते, आईपाशी झोपतो म्हणते, तर हे उठून बाहेर अंगणात जाऊन बसते, एवढ्या थंडीत. गोधडीबी घेत नाई. म्हणे, मी आईची ऊब खाल्ली, आता पोरीची खाईन. आमचं कोनाचंच ऐकत नाई. तुमी डॉक्टर हा, तुमचं ऐकन."

मी आत गेले. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. एका माणसाच्या अंगातली ऊब दुसऱ्याच्या अंगात अशी जात नाही, हे मी तिला सांगितलं. शरीर कसं चालतं ते सांगितलं. भुलेत भास होतात, त्या दिवशी तू खूप रक्त गमावलं होतंस, तुझी आई थकलेली होती, वय होतं, सकाळपासून उपाशी होती. मी चांगलं बोलले. वडिलांसारखी बोलले, एक एक मुद्दा.

ती खाली पाहत ऐकत होती. मग तिनं विचारलं –

"आई कशानं मेली, मॅडम?"

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. हृदय. उन्हाळा. वय. कुठलाही एक शब्द चालला असता. त्या शब्दावर ती पोर आज आईच्या कुशीत झोपली असती. पण मी त्या बाईच्या काखेत हात घालून पाहिला होता, आणि शालू माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

तिला उत्तर मिळालं.

ती उठली, पदर नीट केला, "येतो जी," म्हणाली. देवनाथनं मुलीला कडेवर घेतलं आणि तो निघाला. शालू त्यांच्या मागून, चांगलं अंतर ठेवून चालत होती. फाटकाबाहेर रस्त्यावर ऊन होतं. मुलगी बापाच्या खांद्यावरून मागे वळून तिच्याकडे बघत होती, आणि ती हात पदरात गुंडाळून सावलीच्या कडेनं चालत होती.